गुण्यात नसलेले फोटो

मी 31 वर्षं भूमिती शिकवली. माझ्या हातून कुणी शास्त्रज्ञ घडला नाही. पण वहीला सरळ समास आखणारी एक अख्खी पिढी किनवट तालुक्यात तयार झाली, ती माझ्या पट्टीच्या धाकानं. पट्टीचे उपयोग तेव्हा दोन होते. दुसरा आता कायद्यानं बंद आहे.

वाकडं मला बघवत नाही. मांडवात तोरण एका बाजूनं उतरलेलं दिसलं की माझ्या अक्षता भलत्याच दिशेला पडतात. दुसऱ्याच्या घरातलं कॅलेंडर मी न विचारता सरळ करतो. एका घरी असं करताना कॅलेंडरसोबत खिळा आला आणि खिळ्यासोबत ताटाएवढा पोपडा. त्या घरी मला अजूनही चहा मिळतो, पण अंगणात.

अशा माणसाला निवृत्तीनंतर लेकीनं चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल घेऊन दिला आणि म्हणाली, "बाबा, आईच्या डब्यांच्या रांगा लावत बसण्यापेक्षा फोटो काढा. जुन्या इमारतींचे काढा, त्या हलत नाहीत."

हलत नाहीत हे खरं. वाकतात मात्र फार.

पहिली मोहीम माहूरची. किनवटहून पन्नासेक किलोमीटर, वाटेत सागाचं जंगल. रेणुकामातेचं दर्शन झालं, तांबूल तोंडात गेला आणि आम्ही दोघं किल्ल्याकडे वळलो. यादव, गोंड, बहमनी, निजामशाही, मोगल अशा सगळ्यांनी वापरून झालेला हा किल्ला. इथल्याच सावित्रीबाई देशमुख, ज्यांना औरंगजेबानं ‘रायबागन’ म्हणजे राजव्याघ्री असा किताब दिला. 1661 मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखान चहूबाजूंनी अडकला, तेव्हा शिवाजी महाराजांना शरण जा, हा सल्ला त्याला या बाईंनीच दिला. खानानं ऐकलं आणि वाचला.

माझ्या बायकोनं दरवाजासमोरच्या दगडावर बसून मला इतकंच सांगितलं, "आणखी मागं सरका, मग सगळा दरवाजा येईल." मी काही खानाइतका शहाणा नाही. जवळच उभा राहिलो, मोबाइल वर आभाळाकडे तिरपा केला आणि खटकन फोटो घेतला.

दरवाजा सगळा आला. पण जेवण जास्त झाल्यावर माणूस जसा तक्क्याला रेलतो, तसा मागे रेललेला आला. दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाऊन एकमेकींच्या कानात काही सांगायला निघालेल्या. बायकोनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हा पडायला लागलाय का हो? चला इथून."

समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी एकमेकींना मिळत नाहीत, हे मी 31 वर्षं फळ्यावर लिहिलं. आणि आता माझ्याच मोबाइलमध्ये त्या मिळत होत्या, तेही माझ्या देखत.

उत्तर आमच्या गोकुंद्याच्या स्टेशनावर सापडलं. रोज सकाळी मी तिथवर फिरून येतो, कुठं जायचं नसलं तरी गाडीची चौकशी करतो. फलाटाच्या टोकाशी उभं राहून आदिलाबादकडे पाहिलं, तर रूळ पुढे जात जात एकमेकांना चिकटलेले. आमच्याकडे पूर्वी मीटरगेज होती, रुळांत 1000 मिलिमीटरचं अंतर. मग ब्रॉडगेज आली, 1676 मिलिमीटरची. अंतर एवढं वाढलं, तरी लांब गेल्यावर दोघं जवळ यायचे ते येतातच. लांबचं लहान दिसतं, बाकी काही नाही. हेच रूळ आभाळाकडे उभे केले की किल्ल्याच्या दोन भिंती झाल्या. भिंतीचा माथा पायथ्यापेक्षा आपल्यापासून लांब, म्हणून तो आखूड. मोबाइल भिंतीला समांतर, अगदी सरळ उभा धरला तर भिंती सरळ येतात. वर तिरपा केला की त्या आत झुकतात. भूमिती चुकली नव्हती, मास्तर चुकला होता. रुळांना मात्र कुणी वाकडं म्हणत नाही. तो मान फक्त इमारतींना.

पूर्वीच्या छायाचित्रकारांना हे पक्कं माहीत होतं. मराठवाडा निजामाचा होता तेव्हाची गोष्ट. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ हे मुळात रुरकीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे गृहस्थ. त्या काळच्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्यात मागची काच सरळ उभी ठेवून पुढचं भिंग तेवढं वर सरकवता यायचं. शिखर चौकटीत यायचं आणि भिंतही ताठ राहायची. पुढे 1962 मध्ये निकॉननं छोट्या कॅमेऱ्यासाठी तसं सरकणारं भिंग काढलं. आमच्या मोबाइलमध्ये सरकतं ते फक्त बोट.

तर मी बोट सरकवायला लागलो. फोटो सरळ करायचं अ‍ॅप शेजारच्या नववीतल्या पोराकडून शिकलो. पूर्वी मी त्याच्या बापाला कोनमापक धरायला शिकवलं होतं, त्यामुळे फी माफ झाली. आधी क्षितिज आडवं करायचं, मग भिंती उभ्या करायच्या, हा क्रम त्यानं घोकून घेतला. पण फोटो फिरवला की कडा कापल्या जातात, हे सांगायला विसरला. माझ्या पहिल्या तीन देवळांचे कळस असेच गेले. चौथ्यात कळस राहिला, पण बायको गेली.

यावर अ‍ॅपमध्ये एक सोय आहे. भिंत ओढून ताठ केली की कोपऱ्यात जी रिकामी जागा पडते, ती ते आजूबाजूचं पाहून स्वतःच भरतं. याला तिथं ‘स्मार्ट’ म्हणतात. माहूरच्या तटावर बसलेल्या एका वानराला या स्मार्टनं दुसरी शेपटी लावली. शेजारच्या दगडावर त्याच वानराचं अर्धं डोकं उगवलं. देवीच्या डोंगरावर मी हा काय प्रकार केला म्हणून बायकोनं संध्याकाळी दिवा लावताना दोनदा हात जोडले.

रंगांचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात आमचा साग पानं झाडून नुसता काठ्यांसारखा उभा असतो. मी बोट जरा उजवीकडे नेलं आणि त्या काठ्यांखालचं वाळकं गवत कोकणातल्या भातासारखं झालं. आभाळ नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं. हैदराबादचा धाकटा भाऊ म्हणाला, "अण्णा, हे केरळ का?"

तरी भिंती सरळ झाल्या होत्या आणि माझा जीव शांत झाला होता. त्या आनंदात मी फोटो घेऊन आमच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री म्हणजे माझाच विद्यार्थी. भूमितीत दोनदा नापास झाला आणि आज निम्म्या गोकुंद्याच्या भिंती त्यानं उचलल्यात.

"काय करायलाव सर?" म्हणत त्यानं हात पुसले, मोबाइल लांब धरला, एक डोळा मिटला. मग प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्या हेडमास्तरच्या थाटात म्हणाला, "सर, हे पाण्याची टाकी कुठली?"

"टाकी? अरे, माहूरचा बुरूज आहे तो."

"मंग सरळ कामून केलाव? बुरूज खाली रुंद अन् वर निमुळताच असतो. आतून मातीचा दाब येतो, तर भिंत आत झुकून उभी राहती. तुमी तिची कंबरच काढून टाकलाव."

मी पुन्हा फोटो पाहिला. कॅमेऱ्यानं वाकवलेलं आणि बांधणाऱ्यानं मुद्दाम झुकवलेलं, दोन्ही मी एकाच फटक्यात ताठ केलं होतं. वर्गात मी असंच करत आलो असेन, असं क्षणभर मनात आलं. लगेच विषय बदलला.

मिस्त्रीनं भिंतीच्या खिळ्यावरचा ओळंबा काढला. पितळी लोळा, वर दोरी. "हे खोटं बोलत नाई सर. पृथ्वी ओढती तिकडंच जातं. मोबाइलला काय, तो तुमी धरताव तिकडं." मग चहा सांगितला. त्या दिवसापासून दूर उभं राहायचं, मोबाइल ओळंब्यात धरायचा, चौफेर जागा सोडायची आणि नंतर भिंती पूर्ण ताठ न करता थोडा झुकाव राहू द्यायचा, हे मी शिकलो. पूर्ण ताठ केलं की इमारत वर डोकं फुगल्यासारखी दिसते, कारण मान वर केल्यावर भिंती जराशा जवळ आलेल्या पाहायची डोळ्याला सवय असते.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मधल्या काळात मी आमच्या वाड्याचा फोटो काढून बसलो होतो.

पैनगंगेकाठच्या आमच्या गावी वडिलोपार्जित वाडा आहे. ढेलज, सागाचे खांब, दोन हात जाड भिंती. चार भावांच्या नावावर, त्यामुळे कुणाचाच नाही. त्याच्या पूर्वेच्या भिंतीचा फोटो मला वाकडा वाटला. मी तो प्रेमानं सरळ केला, कडा कापल्या, उजेड वाढवला आणि भावांच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या दादांनी डोळे पाणावलेला चेहरा पाठवला. नागपूरच्या बापूनं लिहिलं, "जुनं ते सोनं."

पावसाळ्याच्या तोंडावर मिस्त्री कामासाठी त्या गावी गेला आणि तिथूनच फोन केला. "सर, वाड्याच्या भिंतीला पोट आलंय."

अशा भिंतीला बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये माती. वरून पाणी मुरलं की मधली माती फुगते आणि बाहेरचा दगड सुटायला लागतो. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार लांब दगड मध्येमध्ये घातला असेल तर भिंत तग धरते. आमच्या आजोबांनी तो वाचवला असावा. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे अशाच जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. मिस्त्री तेव्हा सातवीत होता. भिंतीचं पोट तो गमतीनं सांगत नाही.

टेकू द्यायचे, दगड उतरवून पुन्हा रचायचे. चौघांत वाटून प्रत्येकी 20 हजार. मी ग्रुपवर तसं लिहिलं. अर्धा तास शांतता. मग दादांनी माझाच फोटो मला परत पाठवला. खाली लिहिलं होतं, "वाडा अजून किती ताठ आहे! घाई कशाला?"

मी मूळ फोटो शोधून टाकला, पोट असलेला. बापूनं विचारलं, "हा मुद्दाम वाकडा केलास का रे?" हैदराबादहून, "अण्णा आता भारी एडिटिंग शिकले." मी लिहिलं, हा खरा आहे, आधीचा खोटा होता. त्यावर दादांनी विचारलं की मग माहूरचा वानर खरा होता का.

शेवटी मिस्त्रीनं उपाय काढला. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. दोरी सुतासारखी सरळ, आणि भिंत तिच्यापासून वर दोन बोटं लांब, मधोमध पोट दोरीला टेकलेलं, खाली पुन्हा फट. शेंबडं पोरही सांगेल की ही भिंत गेली. "आता काढा फोटो," मिस्त्री म्हणाला. मी नेमका दूर उभा राहिलो, मोबाइल सरळ धरला, श्वास रोखून बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा फोटो निर्दोष आला होता.

पाठवण्याआधी सवयीनं बोट ‘ऑटो’वर गेलं. अ‍ॅपनं एक गिरकी घेतली. गाव गेलं, आभाळ गेलं, चौकटीत भिंत आणि दोरी तेवढी उरली. फोटोत सगळ्यात मोठी भिंत, म्हणून त्यानं भिंतीलाच प्रमाण मानलं आणि तिला ताठ उभं केलं. मी चष्मा डोक्यावर सारून तसाच पाठवून दिला.

पाच मिनिटांनी दादांचं उत्तर आलं.

"भिंत चांगली आहे. दोरी वाकडी आहे, मिस्त्री बदल."