आधी वाचा, मग उडवा

चष्म्याचे दुकान सांभाळून दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, दौती, अडकित्ते जमवले. त्या वेडातूनच पुण्यातले बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. आज असाच एखादा छांदिष्ट मराठी विकिपीडियावर खाते उघडून अडकित्त्यांवर लेख लिहू लागला, तर त्याचे स्वागत कोण करणार? लेखावर डकवलेली ‘उल्लेखनीयता सिद्ध करा’ अशी कोरडी पट्टी?

पुण्यात छंदांना तोटा नाही. कोथरूडला भाऊ जोशींच्या चिमुकल्या आगगाड्या धावतात, दिवाळीत वाड्यावाड्यांत किल्ले उभे राहतात. यातले बारकावे जाणणारा माणूस पहिल्यांदा लिहितो, तेव्हा शुद्धलेखन चुकते, संदर्भ राहून जातात. ते शिकवता येते. त्याच्याजवळची माहिती मात्र दुसरीकडे मिळेलच असे नाही. दिवाळीच्या किल्ल्यांचे बारकावे इंग्रजीतून भाषांतर करून आणायचे म्हटले, तर ते तिथे कोणी लिहून ठेवलेत?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे नेमाने लिहिणारे हात आजही थोडेच आहेत. कार्यशाळेत बसवून लिहून घेतलेला लेख बहुधा त्या दिवसापुरता असतो. छंदापायी लिहिणारा रात्री जेवणे आटोपल्यावर आपणहून परत येतो. त्याला पहिल्याच दिवशी घालवणे परवडणारे नाही.

नियम हवेतच. स्वतंत्र, प्रकाशित आधार नसेल तर विश्वकोशावर कोणी विश्वास का ठेवावा? पण नियम माणसासारखा सांगता येतो. ‘विषय चांगला आहे. पुणे नगर वाचन मंदिरात जुनी मासिके, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या चाळा. आधार सापडेपर्यंत मजकूर धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, ठेवू.’ एवढे लिहायला पाच मिनिटे पुरतात.

जाणत्या संपादकांनो, जाहिरात, बदनामी आणि उचललेला मजकूर जरूर तत्काळ काढा. बाकी नवख्याच्या लेखावर पट्टी डकवण्याआधी तो पूर्ण वाचा. त्याच्या चर्चापानावर स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहा, एखादा संदर्भ शोधून द्या आणि आठवडाभर थांबा. लेख उडवणे एका कळीचे काम आहे. लिहिणारा तयार व्हायला वर्षे लागतात.