लेकरू काहीच खात नाही

असा माणूस तुमच्याही गल्लीत असणार. पाळलेलं जनावर दारातून आत शिरताना अडकायला लागलं तरी "तब्येत उतरलीय हो याची" म्हणणारा. गंगापुरात आमच्या वाट्याला अण्णा आलेत आणि त्यांचा लॅब्रॅडॉर, वाघ्या. अण्णा त्याला लेकरू म्हणतात.

"लेकरू काहीच खात नाही हो," हे अण्णांचं पालुपद. या 'काहीच'चा तपशील असा: सकाळी चहात बुडवलेली खारी, कारण अण्णांना एकट्यानं घास उतरत नाही. मग तूप लावलेली पोळी. काकू पहिली पोळी गाईसाठी काढतात, पण गाईच्या आधी वाघ्या हजर. दुपारी दूध-भाकरी. चारला ग्लुकोजची बिस्किटं. रात्री रीतसर जेवण. "बाकी दिवसभर पाण्यावर असतो बिचारा!"

व्यायाम आहे की. अण्णा त्याला पहाटे कायगावला गोदावरीवर फिरायला नेतात, स्कूटीवर. पाय ठेवायच्या जागेत वाघ्या बसतो, अण्णा दोन्ही पाय हवेत धरून गाडी चालवतात. व्यायाम होतो तो अण्णांचा.

तिथल्या घाटावर एकदा कुणाची तरी दशक्रिया होती. पिंडाला कावळा शिवेना. घरचे हात जोडून उभे. धाकटीचं लग्न करू म्हणून झालं, वाटणीवरून भांडणार नाही म्हणून झालं, तोवर वाघ्यानं पिंडासकट पत्रावळ साफ केली. अण्णा त्या मंडळींना म्हणाले, "नुसतं हुंगलं हो त्यानं. तसा तो काहीच खात नाही."

शेवटी काकूंनी त्याला भुसार दुकानातल्या काट्यावर चढवायला लावलं. ४६ किलो भरला. हमालानं गंभीरपणे विचारलं, "बारदाना वजा करू का?"

जनावरांच्या डॉक्टरांनी वाघ्याच्या कुशीवरून हात फिरवला. "लॅब्रॅडॉर फार तर ३६ किलोचा असावा. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत."

"बरगड्या लागल्या तर लोक म्हणतील, लेकराला उपाशी मारलं!"

त्यातच पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, की केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये शोधून काढलंय, साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरच्या जनुकातच असा बदल असतो की त्याची भूक भागत नाही. अण्णांना पुरावाच मिळाला. त्या दिवसापासून लेकरू काहीच खात नाही आणि जन्मतः भुकेलंही आहे.

डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं. खाणं मापून. बिस्किटाऐवजी काकडीची फोड. ऊन चढायच्या आत पायी फेरी. वजन आठवड्याला एक-दोन टक्केच उतरवायचं, घाई नाही. काकूंनी माप हातात घेतलं, तर अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात बिस्किटांचा चुरा निघायला लागला.

मग डॉक्टरांनी अमेरिकेतला एक जुना प्रयोग सांगितला. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले. अण्णांनी वाघ्याच्या पाठीवरचा हात काढला नाही, पण पुढचा सबंध दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

का, ते काकूंनी सांगितलं. १९७२च्या दुष्काळात अण्णा शाळकरी पोर होते. आई खडी फोडायच्या कामावर. घरात मिलोची भाकरी, तीही मोजून. कामावर मिळालेली सुकडी आई पदरात बांधून आणायची, पोरांपुढे ठेवायची आणि म्हणायची, "माझं झालंय रे, मला भूकच नाही." खरोखर काहीच न खाणारं माणूस अण्णांनी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते रोज जेवलोय म्हणून सांगायचं. अशा माणसाला रिकामं ताट कसं सोसणार? मला ते सोसत नाहीत ते वेगळं, पण एवढं मान्य करावंच लागतं.

आता अण्णा वाघ्याला पायी नेतात. आधी वाघ्या रस्त्यात बसायचा, हल्ली अण्णा बसतात. काटा ४२वर आलाय.

अण्णांकडे जाणं झालं तर एवढं करा: आपल्या ताटातला तुकडा वाघ्याला टाकू नका. आणि अण्णा आग्रह करायला लागले की नको-नको न म्हणता आणखी एक भाकरी तुम्हीच वाढून घ्या.