जूनमधले मास्तर

सप्टेंबरात जॉर्जियातल्या एखाद्या खेड्यात उतरणारा परदेशी स्वयंसेवक शिक्षक आणि जूनमध्ये तिथून निघणारा, हे दोन निराळे प्राणी. पहिल्याला त्या देशाची शिक्षणपद्धती बदलायची असते. दुसऱ्याला चुर्चखेला, म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या अक्रोडांची मिठाई, आणि घरची वाइन एकाच बॅगेत कशी कोंबावी, एवढाच घोर असतो.

हे पीक मोठ्या प्रमाणावर लावलं ते तिथल्या सरकारनंच. साकाश्विली राष्ट्राध्यक्ष असताना, २०१० मध्ये, इंग्रजी बोलणारी माणसं विमानाच्या तिकिटासह बोलावली, गावोगावच्या कुटुंबांत ठेवली आणि महिना ५०० लारी त्यांच्या हातावर टेकवले. पोरांच्या तोंडची रशियन जाऊन तिथे इंग्रजी यावी, हा बेत.

आमचा नमुना ओहायोचा, पंचविशीच्या आतला, इमेरेती प्रांतातल्या गावात येऊन पडलेला. आल्या आल्या त्यानं भिंतीवर वर्गाचे नियम लावले : एकानंच बोलायचं, शेजाऱ्याला उत्तर सांगायचं नाही. जानेवारीत लाकडाची शेगडी पेटेना, तेव्हा तो तक्ता कामी आला. उत्तर सांगण्याबद्दल तर गावाचं मतच वेगळं. मित्र फळ्यापाशी अडकलाय आणि आपण ढिम्म बसायचं? याला माणुसकी म्हणतात का? त्यामुळे एकाला प्रश्न विचारला की ‘मास! मास!’ (म्हणजे ‘मास्तर! मास्तर!’) करत अख्खा वर्ग उत्तर देई. शाबासकीची चकचकीत स्टिकरं मुलांनी इमानानं जमवली आणि मार्श्रुत्काच्या, म्हणजे मिनीबसच्या, ड्रायव्हरला दिली. ती त्यानं येशूच्या तसबिरीभोवती चिकटवली.

मे महिन्यात ‘शेवटची घंटा’ होते. बारावीची मुलं पांढरे शर्ट घालून येतात आणि एकमेकांच्या पाठीवर मार्करनं निरोप लिहितात. मास्तरांचाही शर्ट सुटत नाही. वर्षभर ज्या पोरानं वहीत एक वाक्य लिहिलं नाही, तो पाठीवर चांगल्या तीन ओळी लिहून जातो. इंग्रजीतच. चुका दोनच. मास्तर तो शर्ट धुवायला देत नाहीत.

मग गुण. दहापैकी पाच म्हणजे पास. मास्तर एखाद्या पोराला सहा म्हणतात, सोबतच्या इंग्रजीच्या बाई नऊ लिहितात. सप्टेंबरात यावर त्यांनी वाद घातला असता. आता ते एवढंच विचारतात, ‘मग त्याच्या बहिणीला दहा देऊ या का?’

खरी परीक्षा निरोपाच्या सुप्राला, म्हणजे मेजवानीला. आपल्याकडच्या पंगतीतला आग्रह परवडला. तो निदान जिलबीपाशी थांबतो. इथे तमादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, उठतो आणि देवाच्या, शांततेच्या, गेलेल्यांच्या, लेकरांच्या नावानं एकेक प्याला उचलायला लावतो. शेवटी पाहुण्याच्या हातात शिंग येतं. त्याला बूड नसतं, म्हणजे रिकामं केल्याशिवाय खाली ठेवायची सोय नाही. पण आपले मास्तर उभे राहतात, मोडक्या जॉर्जियनमध्ये यजमानांच्या दिवंगत आजोबांवर पाच मिनिटं बोलतात, मुख्याध्यापिकाबाईंचे डोळे ओले करतात आणि शिंग उलटं करून दाखवतात. वर्षभरातला त्यांचा हा एकमेव निर्दोष पाठ, आणि त्यात इंग्रजीचा शब्द नाही.

मला या जातीचं कौतुक वाटतं ते यानंतरच्या रात्रीसाठी. आपल्यावाचून या मुलांचं कसं होणार, या काळजीनं मास्तर जागे राहून पुढच्या शिक्षकासाठी लांबलचक पत्र लिहितात. सकाळी ते घरच्या बेबियाला, म्हणजे आजीला, दाखवतात. ती चष्मा न लावताच विचारते, ‘पोरा, नवा येईल तो वांगी खातो का? तू खात नव्हतास. वर्षभर जिवाला घोर.’

‘अजून कुणाचं नक्की झालं नाही, बेबिया.’

‘मग लिही की. वांगी खाणारा पाठवा म्हणावं. आणि तुझ्यापेक्षा जरा उंच. अंगणातल्या चेरीचा शेंडा दरवर्षी पाखरंच खातात.’

मास्तर दुखावतात, पण लिहितात.