शीटमध्ये न बसलेलं घर

जर्मनीत शिकायला निघालेल्या पोराच्या घरी हल्ली एक एक्सेल शीट असते. बाबांनी केलेली. तीत महिन्याचे ९९२ युरो असे काही बसवलेले असतात की शेवटी चार युरो शिल्लकही पडतात! व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटात आधीच कोंडलेले. म्हणजे पैसे आपलेच, पण महिन्याच्या हप्त्यानं मिळणार, तेही तिथं पोहोचून खातं उघडल्यावर.

शीटमध्ये भाडं असतं. डिपॉझिट नसतं. ते कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येतं, आणि घरमालक कायदा पाळणारे असतात. रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं: पुष्कळदा ओटा नाही, सिंक नाही, दिव्याच्या जागी छतातून लोंबणाऱ्या वायरी. टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो. पत्त्याची नोंदणी झाली की तिचं पत्र न चुकता येतं. परदेशात आपली आठवण कुणी तरी ठेवतं.

जमेची बाजू? पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये घातली की २५ सेंट परत. अर्थात तेही आधी आपल्याकडूनच घेतलेले.

इकडे आईचा शीटवर विश्वास नाही. तिनं मेतकूट, गोडा मसाला आणि पाच लिटरचा कुकर भरलाय. जादा वजनाचे पैसे कुठल्या रकान्यात टाकायचे, यावर बाबांचं अजून चाललंय.