भूतपाल श्रेष्ठींचा स्टॉल

लोणावळ्यात चिक्कीचे दुकान चालविणारे आमचे एक स्नेही मोशीच्या प्रदर्शनात स्टॉल घेऊन बसले, आणि गूळ व शेंगदाणे या दोनच पदार्थांनी सिद्ध होणाऱ्या वस्तूस किती सरंजाम लागू शकतो, याचे ज्ञान आम्हांस उतारवयात प्राप्त झाले. आयोजकांच्या शिरस्त्याप्रमाणे तेथे तीन बाय तीन मीटर जागा, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन दिवे, कचऱ्याची टोपली आणि कपाळावर नावाची पांढरी पट्टी मिळते. परंतु एवढ्यावर धंदा करणे म्हणजे भर बाजारात उघड्या अंगाने उभे राहणे होय, अशी स्नेह्यांची खातरजमा एका सजावटकाराने करून दिली होती. परिणामी त्या नऊ चौरस मीटरांत थर्मोकोलचा राजमाची किल्ला, धबधबा अखंड कोसळविणारा पडदा, चार स्टँडी, सेल्फीची कमान आणि स्वतःभोवती फिरणारा पुरुषभर उंचीचा शेंगदाणा यांची प्रतिष्ठापना झाली, व दुकानाचे नाव अकरा ठिकाणी झळकले. चिक्की तेवढी टेबलाखालच्या खोक्यांत राहिली. टेबलावर शेंगदाण्याची मोटार होती. लोकांनी धबधब्यापुढे छायाचित्रे काढून घेतली आणि जाताजाता विचारले, ‘रिसॉर्टचं बुकिंग इथंच होतं का?’

नाव बाराव्या ठिकाणी नव्हते, हे अपयशाचे कारण सजावटकाराने लेखी सादर केले.

याच सजावटकार गृहस्थांस आम्ही वैशाखात, एकवीरेच्या दर्शनाचे निमित्त करून, कार्ल्याचा डोंगर चढविला आणि देवळालगतच्या चैत्यगृहात नेऊन उभे केले. त्यांनी मामलेदाराने पीकपाहणी करावी तशी त्या शैलगृहाची पाहणी केली. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा स्तंभ, त्यांच्या शिरांवरील हत्ती व स्वार यांना त्यांनी पसंती दिली. परंतु स्तूपामागील सात स्तंभ केवळ अष्टकोनी आणि निरलंकार आढळताच, ‘इथं पार्टीचे पैसे संपले’, असा निर्णय त्यांनी तत्काळ दिला. प्रत्यक्ष स्तूपावर एकही मूर्ती नाही, आणि एवढ्या प्रचंड दालनास उजेड म्हणावा तर दर्शनी भिंतीतील एका पिंपळपानी गवाक्षाचा, तोही नेमका स्तूपाकडे वळविलेला, ‘एकच स्पॉट?’ असे ते खेदाने पुटपुटले. (शेजारच्या भाजे लेण्यात तर सगळेच खांब साधे आहेत, तेथे त्यांना नेण्याचा क्रूरपणा आम्ही केला नाही.)

मग आम्ही शिलालेखांचा विषय काढला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी येथे एकेक स्तंभ दिला आणि आपले नाव त्याच स्तंभावर ओळीभर अक्षरांत कोरविले. त्याच गावचा सिंहदत्त नामक गांधिक, म्हणजे अत्तराचा व्यापारी, याने द्वार दिले, आणि गाव, धंदा, नाव एवढेच नोंदवून तो स्वस्थ बसला. सुगंधाचा व्यापारी असून त्याने अत्तराच्या कुपीचे चित्रही काढविले नाही, हे ऐकून सजावटकार सुन्न झाले. परंतु वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे ओसरीच्या भिंतीवर दस्तुरखुद्द जाहीर करून ठेवले आहे, असे सांगताच त्यांचा चेहरा उजळला. ‘हा आपल्यातला माणूस!’ ते म्हणाले. ‘पण अक्षरं किती बारीक, आणि तीही कोपऱ्यात!’ ती अद्यापि वाचली जातात, हे आम्ही त्यांच्या नजरेस आणले. ‘वाचतात हो, पण एन्क्वायऱ्या किती आल्या?’ या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उतरताना पायऱ्यांच्या वळणावर एक म्हातारी फडक्यावर करवंदांची पाटी घेऊन, शेजारी पानांचे द्रोण रचून बसली होती. सजावटकारांनी न विचारता एक द्रोण घेतला, तेथेच उभे राहून संपविला, दुसरा घेतला आणि चिकाने चिकटलेल्या बोटांनी पैसे मोजताना, केवळ धंद्याच्या सवयीने, ‘आजी, कार्ड आहे का तुमचं?’ असे विचारले.

‘कशाला रं?’ म्हातारी म्हणाली. ‘हितंच तर बसते मी.’