थोडंसंच राह्यलं

मिस्तरींनी आजवर किती चाकू करायला घेतले ते त्यांनाही सांगता येणार नाही. पुरे किती केले ते मात्र सगळ्या मौदा गावाला पाठ आहे. एका हाताच्या बोटांवर मोजावेत, अंगठा मोकळा राहतो.

चाकू म्हणजे कांदा चिरायची सुरी समजू नका. दीड वीत लांब पातं, पाठीला पाच मिलिमीटर जाड, वर तिवसाच्या लाकडाची मूठ. तिवस म्हणजे वखर-डवऱ्याला वापरायचं लाकूड. मिस्तरींच्या मते ते ज्याला कळत नाही त्यानं प्लास्टिकच्या मुठीची सुरी घ्यावी आणि सुखी व्हावं. उमेदीची वर्षं त्यांनी हिंगण्याच्या एमआयडीसीत टर्नर म्हणून काढली. तिथं दिवसाला शेकड्यानं पार्ट काढायला लागत. त्याचा सूड ते आता घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये घेत आहेत, असं माझं मत आहे.

त्यांना फोन करून पाहा. चाकू झाला का, हा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं, "झालाच समजा जी. थोडंसंच राह्यलं." हे थोडंसं म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय मिस्तरी समजायचे नाहीत.

पोलादाची त्यांना कधी वाण नाही. जुना नंबर सहा, म्हणजे आताचा त्रेपन्न नंबरचा हायवे गावाला लागून जातो. सुरतेपासून कोलकात्यापर्यंतचे ट्रक या रस्त्यानं धावतात, त्यांच्या कमानी तुटतात आणि तुटलेले पाटे भंगारात येतात. कमानीचा पाटा वाकतो आणि परत सरळ होतो, म्हणून चाकूला तो उत्तम. मिस्तरी तो आधी भट्टीत मऊ करतात, मग ऐरणीवर घेतात. हे काम बहुधा मे महिन्यात निघतं. बाहेर सेहेचाळीस डिग्री, भट्टीत आठशे. "भट्टीपाशी बरं वाटते," ते म्हणतात, "इथं गरम काऊन होते ते तरी समजते."

पात्याला पाणी पाजायची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पाजतात तेलच, पण म्हणायचं पाणी. तारेला बांधलेलं एक चुंबक भट्टीशेजारी लोंबत असतं. लालभडक पातं त्याला टेकवायचं. ७७० डिग्रीच्या आसपास लोखंडाला चुंबक ओळखेनासं होतं. तिथून आणखी जरासं तापवायचं आणि कोमट तेलात टोकाकडून सरळ खाली सोडायचं. तिरकं गेलं की पातं वाकलंच. भसकन धूर निघतो, शेजारच्या वहिनी वाळत घातलेले कपडे काढून नेतात. मग मिस्तरी पात्यावरून कानस फिरवतात. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी चढलं. पण असं पातं ठिसूळ असतं, हातातून पडलं तर मोडेल. म्हणून ते दोनशे डिग्रीवर दोन-दोन तास, दोनदा भाजायचं. त्यासाठी घरात ओव्हन आहे. मिस्तरीणबाईंनी तो नानकटाईसाठी घेतला होता. त्यात नानकटाई एकदाच झाली, आणि तिला मोबिल ऑइलचा वास होता.

इथवर मिस्तरींचा झपाटा कोणालाही लाजवील. आठवड्याभरात पातं उभं. त्यानंतर फिनिशिंग सुरू होतं, आणि काळ थांबतो.

पॉलिश पेपर लाकडाच्या पट्टीला गुंडाळायचा, तेलाचा थेंब टाकायचा आणि मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेनं घासायचं. आधी ऐंशी नंबर. मग एकशेवीस, पण दिशा बदलून, तिरकं. म्हणजे ऐंशीचे ओरखडे वेगळे दिसतात आणि ते पुरते गेले की नाही ते कळतं. मग दोनशेवीस, पुन्हा दिशा बदलून. मग चारशे, सहाशे, हजार. दर पायरीला मिस्तरी पातं घेऊन शेडच्या दारात येतात, एक डोळा मिटतात आणि पातं उन्हात इंचाइंचानं कलतं करत नेतात. आपल्याला त्यात आपलं तोंड दिसत असतं. मिस्तरींना मुठीपासून चार बोटांवर केसाच्या निम्म्या जाडीची एक रेघ दिसते. ती एकशेवीसची आहे, हे ते शपथेवर सांगतात. एकशेवीसची रेघ हजारच्या कागदानं जाणार आहे थोडीच! परत मागं. परत एकशेवीस. याला म्हणतात थोडंसं राहणं.

हे झालं पात्याचं. मुठीला जवसाचं तेल लागतं, कच्चं. एक हात दिला की आठवडाभर वाळत ठेवायचं, मग दुसरा. पावसाळ्यात ते वाळतच नाही. त्यात लाइट जाते. गावाशेजारी एनटीपीसीचं २३२० मेगावॅटचं केंद्र आहे, त्याच्या चिमण्या शेडच्या दारातून दिसतात, पण जरा वारा सुटला की मिस्तरींचा ग्राइंडर बंद. तेव्हा ते चिमण्यांकडे पाहत हातानं घासत बसतात. मला वाटतं, मनातून त्यांना तेच आवडतं.

गिऱ्हाईक आलं की त्याला आधी हात पुढं करावा लागतो. मिस्तरी तो धरतात, उलटा-सुलटा करतात, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पाहतात आणि वहीत माप लिहितात. मग उलटतपासणी. घरी कापतं कोण? पाट्यावर कापता का ओट्यावर? धुतल्यावर पुसता का तसाच ठेवता? "तसाच ठेवतो" असं एका साहेबांनी खरं सांगितलं. त्यांची ऑर्डर तिथंच बारगळली.

वहीत आणखी एक रकाना आहे, "कायसाठी". हा कायद्यामुळे आला. १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रात मोडतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाचा असला तर मोडत नाही. मिस्तरींना हे कलम तोंडपाठ आहे आणि गिऱ्हाइकांनाही आता झालं आहे. त्यामुळे त्या रकान्यात ओळीनं "कोहळा" लिहिलेलं सापडतं. मौदा तालुका धानाचा. वहीवर विश्वास ठेवायचा तर इथं घरटी चार कोहळे रोज फुटत असले पाहिजेत.

एकदा तीन पोट्टे मोटरसायकलवर आले. पंधरा इंची पाहिजे म्हणाले.

"कायले?"

"बड्डे आहे भाऊ. केक कापाले."

"केक केवढा आहे?"

"एक किलोचा."

मिस्तरींनी आत जाऊन चमचा आणून दिला. तलवारीनं केक कापून रातोरात कोठडीत गेलेल्यांच्या बातम्या ते कात्री लावून जपून ठेवतात. पुण्याच्या ट्रेकिंगवाल्यांनाही त्यांनी असंच परत पाठवलं. जंगलात न्यायला चाकू पाहिजे म्हणत होते. "कोनत्या जंगलात जी? नागझिऱ्यात, पेंचात तो गेटवरच ठेवून घेतील. मंग काय वाघाले वही दाखवान?"

स्वतःच्या कामाबद्दल इतका कडक माणूस दुसऱ्याच्या कामाला सोडील कसा? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून २०२४ साली साताऱ्याला आलेली वाघनखं पुढं नागपूरच्या अजब बंगल्यातही मांडली होती. मिस्तरी बघायला गेले. लोक हात जोडत होते, मोबाइल काढत होते. मिस्तरी काचेला नाक लावून एकेक नख पट्टीशी जोडलं कसं ते पाहत राहिले, मागची रांग ओरडायला लागेपर्यंत. शेजारच्या दालनातल्या तलवारींपुढं त्यांनी असाच एक डोळा मिटला. बाहेर आल्यावर म्हणाले, "हत्यार एक नंबर. घासाले मानूस नव्हता ठेवला."

या सगळ्या पसाऱ्यात मिस्तरीणबाईंच्या हाती काय आहे म्हणाल, तर पावशी, म्हणजे विळी. आठवडी बाजारात रस्त्यावरच्या लोहारानं घडवलेली, पाटाला दोन खिळे. धार गेली की त्या ती कपाच्या बुडावर घासतात आणि पुढचं चिरायला घेतात. नवऱ्याकडं चाकू त्यांनी कधी मागितला नाही. मागितला असता तर आधी त्यांनाही हात दाखवावा लागला असता.

मागच्या हिवाळ्यात नागपूरहून एक सावजी आचारी आले. ऑर्डर दोन दिवाळ्यांपूर्वीची, मटण कापायचा बारा इंची. वहीतल्या रकान्यात त्यांनी मात्र खरंच लिहिलं होतं. पातं तयार होतं, सहाशेच्या कागदावर. आचारी म्हणाले, "बोकडाले काही दिसत नाही जी, देऊन टाका." मिस्तरींनी पातं पाठीमागं धरलं. बराच वेळ वाद झाला. आचाऱ्यांना संध्याकाळी लग्नाचं जेवण होतं, रिकाम्या हातानं ते जाईनात. शेवटी मिस्तरी आत गेले आणि त्यांनी आचाऱ्यांच्या हातात पावशी ठेवली. आचाऱ्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि कोणाला काही न विचारता गाडी सुरू केली.

संध्याकाळी मिस्तरीणबाईंनी स्वयंपाकघर शोधलं, मग शेडमध्ये येऊन फळीवरचा बारा इंची चाकू उचलला. घरात खरोखरच एक कोहळा होता, तो त्यांनी फोडला. भाजी उत्तम झाली. मिस्तरी दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेव्हा बाई म्हणाल्या, "चाकू बरा आहे तुमचा. डाग पडले होते थोडे, पन मी तारेच्या घासनीनं चांगला चकाचक घासून ठेवला."

मिस्तरींचा घास हातातच राहिला. बाईंना वाटलं, आता ताट भिरकावतात. पण ते हळूच म्हणाले, "आडवा घासला का उभा?"

"गोल गोल."

मिस्तरींनी हात धुतले, शेडमधला दिवा लावला आणि आचाऱ्यांना फोन करून पुढच्या दिवाळीची तारीख दिली. आचारी म्हणाले, काही घाई नाही, पावशी चांगली चालून राह्यली.