रुळांशेजारून नारायणगड

बंद पडलेल्या आगगाडीचे रूळ उखडायचे, खाली उरलेली खडी दाबून सपाट करायची आणि तिच्यावर सायकली घालायच्या, हा उद्योग आता जगभर चालतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातली एल्रॉय ते स्पार्टा ही वाट त्यातली आद्य मानतात. न्यूझीलंडने ओटागो प्रांतात अशी दीडशे किलोमीटरची वाट 2000 साली खुली केली. तिथे माणसे घोळक्याने येतात, दिवसभर पायडल मारतात, वाटेत खातात-पितात आणि संध्याकाळी आपण फार कष्ट केले असे समजून घरी जातात. कष्ट काही झालेले नसतात. आगगाडीला चढ सोसत नाही. खंडाळ्याच्या घाटातसुद्धा तिला सदतिसास एकपेक्षा जास्त चढ द्यायची कोणाची हिंमत झाली नाही. त्यामुळे तिने सोडलेली वाट ढेरपोट्या सायकलस्वारालाही मानवते. हा बेत बीडला आणायचा म्हटले, तर अडचण एकच आहे. मेलेली रेल्वे हवी असेल तर रेल्वे आधी जन्माला यावी लागते, आणि बीड शहरात ती आली 17 सप्टेंबर 2025 रोजी. तिला मारून तिच्या अंगावर सायकली घालण्याची भाषा इतक्यात कोणी काढली, तर बीडकर त्याला सायकलीसकट बिंदुसरा नदीत घालतील.

हे बाळंतपण किती अडले, त्याचा हिशेब सोपा आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला. खर्चाचा अंदाज होता 353 कोटी; तो फुगत 4,805 कोटींवर गेला. पहिला बारा किलोमीटरचा टप्पा नारायणडोहपर्यंत झाला, पुढे सप्टेंबर 2022 मध्ये गाडी आष्टीला पोचली आणि त्यानंतर तीन वर्षांनी बीडला. म्हणजे 166 किलोमीटरला तीस वर्षे. दिवसाकाठी पंधरा मीटर. आषाढीला निघणारी दिंडी एका दिवसात वीसेक किलोमीटर सहज चालते. ती या वेगाने निघाली असती, तर सकाळचा काकडा आणि त्याच दिवसाचा मुक्काम यांच्यामध्ये साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला असता. मधल्या काळात जमिनी, मोबदला, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा अशी कारणे भरपूर होती आणि ती सगळी खरीही होती. पण खऱ्या कारणांनी रूळ पुढे सरकत नाहीत.

जिवंत रुळांच्या कडेने फिरावे, तर रेल्वे कायदा 1989 चे कलम 147 आडवे येते. हद्दीत विनापरवाना घुसल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. कायद्याने या वाटेवर रोज मिरवायचा मान फक्त पाना-हातोडी घेऊन चाव्या तपासणाऱ्या कीमॅनला, आणि तो बिचारा सहलीच्या मूडमध्ये कधी नसतो. मग गाडीत बसूनच सहल करू, असे शहाणी मंडळी म्हणतील. ही सूचना वेळापत्रकापुढे टिकत नाही. गाडी सुरू झाली तेव्हाचे कोष्टक असे: अहिल्यानगरहून सकाळी 6:55 ला निघायचे, दुपारी साडेबाराला बीड, बीडहून एक वाजता परत, संध्याकाळी साडेसहाला अहिल्यानगर. नगरकराने त्याच गाडीने परतायचे ठरवले तर बीड दर्शनाला अर्धा तास मिळतो, त्यात स्टेशनाबाहेरचा चहासुद्धा फुंकर घालूनच प्यावा लागेल. बीडकराला मात्र नगरात रात्र काढावीच लागते, आणि त्याला एकदिवसीय म्हणायला पंचांगच बदलावे लागेल. शिवाय रविवारी गाडीला सुट्टी, म्हणजे नेमकी सहलीला निघणाऱ्यांना जी असते तीच.

तरीही या गाडीची टिंगल करणाऱ्यांनी एक भागाकार करून पाहावा. 166 किलोमीटरला साडेपाच तास म्हणजे ताशी तीस किलोमीटर, सराव असलेल्या सायकलपटूचा वेग. थांबे धरून काढलेला हा आकडा आहे, आणि पुढे वेग वाढेल, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. पण सायकलस्वारांचा घोळकाही थांबे धरूनच मोजावा लागतो, आणि त्याचे थांबे रेल्वेपेक्षा जास्त असतात. एकाची चेन उतरते, दुसऱ्याला फोटो हवा असतो, तिसरा कडा गावाला पोचायच्या आत तीनदा नाश्ता करतो. घोळका रखडतो तो याच मंडळींमुळे. वाट सपाट की चढाची, हा प्रश्न नंतरचा.

म्हणूनच माझे म्हणणे असे की, रेल्वे-वाटेच्या सहलीतली रेल्वे बीडकरांनी खुशाल सोडून द्यावी आणि गावरस्त्यांनी नारायणगड गाठावा. घोळका चालवायचे शास्त्र गडाला परदेशातून आणावे लागत नाही. नगद नारायण महाराजांचे हे स्थान धाकटी पंढरी म्हणून ओळखले जाते. पंढरपूर ज्यांना गाठता येत नाही त्यांची आषाढी इथे होते. दिंडीत पताका पुढे, टाळकरी ओळीत, वीणेकरी आपल्या जागी, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया मागे, आणि सामानाचा ट्रक मुक्कामी आधीच पोचून चूल पेटवतो. चोपदाराने दंड उंचावला की हजार माणसे गप्प होतात. सायकल ग्रुपच्या ॲडमिनला हे व्हॉट्सॲपवर आजवर साधलेले नाही. पुढे पळून ‘मी पहिला’ म्हणायची सोय दिंडीत नाही, कारण पुढे पळालेल्याला पंगतीत कोणी ताट आधी वाढत नाही. भक्तीची आणि हौसेची अशी सांगड घालणे बरे दिसत नाही, असे कोणी म्हणेल. पण विसाव्याला तंबाखू मळत राजकारण बोलणारा वारकरी पाहिला की दोहोंतली भिंत तितकी उंच वाटत नाही. जिल्ह्यातला सर्वांत मोठा सामूहिक प्रवास मात्र यांपैकी कोणताच नाही. तो दसरा-दिवाळीनंतर साखरपट्ट्याकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचा आहे, आणि त्यात हौस औषधालाही नसते. रस्त्यात त्यांच्या गाड्या भेटल्या तर घंटी वाजवू नये, बाजूला व्हावे.

अस्सल रेल्वे-वाटच हवी असा हट्ट असेल, तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात जावे. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. तिचे ब्रॉडगेज करताना धाराशिव शहराला रुळावर आणण्यासाठी काही भागात आखणीच बदलली. सोडलेल्या आखणीचा असा एखादा तुकडा येडशीच्या बाजूला सायकलींना दिला, तर रामलिंगाचे जंगल फुकटात पाहायला मिळेल. ते काम होईल तेव्हा होईल. दिवसाला पंधरा मीटरचा दर वाचकांच्या लक्षात असेलच.

गडाला मात्र शेवटचा चढ आहे, आणि तो कोणत्याही इंजिनिअरने सपाट केलेला नाही. तिथे सायकल हातात धरून चालावे. गडावर येणारे बहुतेक पायीच येत आले आहेत. खरा शत्रू खाली, रस्त्याच्या कडेला असतो: सराटा. हरभऱ्याएवढे फळ, कसेही पडले तरी एक काटा आभाळाकडे. आयुर्वेदात त्याला गोखरू म्हणून मान आहे, पण ट्यूबला आयुर्वेद कळत नाही. काटा लगेच उपटू नये, आधी खुणेने जागा धरावी, मग ट्यूब काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवावी; बुडबुडे बहुधा तीन ठिकाणी निघतात. तेव्हा निघणाऱ्यांनी पंक्चरच्या ठिगळांचे पाकीट, पंप आणि भाकरी-ठेचा बरोबर घ्यावा, सगळ्यात हळू चालवणाऱ्याला पुढे काढावे आणि पावसाळा सरल्यावर, बालाघाटातले सीताफळ पिकलेले असताना, रविवारी पहाटे निघावे. त्या दिवशी गाडी नसते, त्यामुळे ती पुढे गेल्याचे दुःखही नसते.